मोल कळण्याआधीची राखण

अंतरवाली सराटी हे जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातले, शहागडजवळचे शेतकरी गाव. मराठा समाजाला कुणबी नोंदींच्या आधारे आरक्षण मिळावे म्हणून २९ ऑगस्ट २०२३ रोजी मनोज जरांगे पाटील तिथे उपोषणाला बसले, १ सप्टेंबरला लाठीमार झाला आणि दोन दिवसांत गावाचे नाव राज्यभर पोचले. त्या आंदोलनाची बाजू, विरुद्ध बाजू, निवडणुकीची गणिते यांवर भरपूर लिहून झाले आहे. त्यात भर घालण्याचा इथे विचार नाही. जुन्या इमारती आणि त्यांतले कागद सांभाळण्याच्या कामात असलेल्यांना त्या दिवसांत जे दिसले ते निराळे होते. उपोषणाच्या मंडपातला प्रश्न फिरून फिरून एकाच जागी येऊन थांबत होता: पणजोबांच्या नावापुढे काय लिहिले आहे, आणि तो कागद आज कुठे आहे? हा प्रश्न सरळ रेकॉर्ड रूमच्या दाराशी येऊन उभा राहिला. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तहसील, भूमी अभिलेख, दुय्यम निबंधक, शाळा, पोलीस, तुरुंग, जिथे म्हणून जुने दप्तर होते तिथले रुमालात बांधलेले बस्ते सोडण्यात आले. ऑक्टोबर २०२३ अखेरीस शासनाने आकडा सांगितला: मराठवाड्यात सुमारे १ कोटी ७३ लाख कागद तपासले, कुणबी नोंदी सापडल्या ११,५३०.

हा भागाकार करून पाहावा. दर दीड हजार कागदांमागे एक. उरलेले एक हजार चारशे नव्याण्णव निरुपयोगी होते असे नव्हे. त्यांना त्या वर्षी कुणी प्रश्न विचारला नव्हता, इतकेच. पुढे शोध राज्यभर गेला तेव्हा नोंदींचा आकडा ५० लाखांच्या पुढे सांगितला गेला. पण १९६० साली किंवा १९९० साली त्याच खोलीत उभ्या असलेल्या कारकुनाला विचारले असते की यातला महत्त्वाचा कागद कोणता, तर त्याला सांगता आले नसते. तो अडाणी होता म्हणून नव्हे, प्रश्नच अजून जन्माला यायचा होता म्हणून. या लेखात मांडायचे आहे ते एवढेच. कागदाचे मोल आधी कळत नाही, म्हणून राखणही मोल कळण्याची वाट पाहत बसू शकत नाही. आपल्याकडे व्यवहार नेमका उलटा आहे. आधी महत्त्व सिद्ध करा, मग छपराचे पत्रे बदलून देऊ. आणि महत्त्व सिद्ध होते ते आंदोलनाच्या, कोर्टाच्या किंवा एखाद्या शताब्दीच्या निमित्ताने, तोवर निम्मे दप्तर वाळवीच्या पोटात गेलेले असते.

मराठवाड्यात ही गोष्ट जास्त बोचते, कारण इथल्या कागदांचा प्रवास वाकडातिकडा आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात. १९५६ ला मुंबई राज्यात. १९६० पासून महाराष्ट्रात. जालना जिल्हा झाला १ मे १९८१ रोजी, त्याआधी अंबड औरंगाबाद जिल्ह्यात होते. म्हणजे एकाच गावाची हकीकत हैदराबाद, औरंगाबाद, जालना आणि अंबड अशा चार ठिकाणच्या कपाटांत वाटली गेली आहे, आणि तीही फारसी, उर्दू, मोडी, बाळबोध अशा वेगवेगळ्या भाषांत आणि लिप्यांत. साल लिहिलेले असते फसली. १३४४ फसली म्हणजे इसवी १९३४-३५ हे ठाऊक नसेल तर कागद हातात असूनही हरवलेलाच. याच गोंधळात एक मोठा फरक लोकांच्या लक्षात येत नाही. कुणबी दाखल्यांसंबंधीच्या २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयामुळे ‘हैदराबाद गॅझेट’ हा शब्द घराघरात गेला. पण गॅझेट हे छापील पुस्तक. त्यात कोणत्या भागात कोणत्या समाजाची किती वस्ती, असे आकडे असतात, माणसाचे नाव नसते. नाव सापडते खासरा पत्रकात, पाहणी पत्रकात, शाळेच्या प्रवेश-निर्गम वहीत, आणि कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना १४ मध्ये, जिथे गावातला जन्म आणि मृत्यू कुणीतरी बोरूने किंवा टाकाने लिहून ठेवला. गॅझेटच्या प्रती अनेक ग्रंथालयांत आहेत. एक जळाली तर दुसरी मिळेल. कोतवाल बुकाची प्रत मात्र जगात एकच, आणि ती जिथे आहे त्या खोलीचा कडीकोयंडाही बऱ्याचदा धड नसतो. जे कुठेही मिळेल त्याला काचेचे कपाट आणि जे एकमेव आहे त्याला ओली भिंत, असा हा उफराटा न्याय आहे.

भिंतीचा उल्लेख आला तो मुद्दाम. कागदाचे पहिले वेष्टन म्हणजे रुमाल नव्हे, इमारत. छप्पर, भिंत, कपाट, रुमाल आणि मग कागद, असा तो क्रम आहे आणि नुकसान नेहमी बाहेरून आत येते. म्हणून हे काम करणारा माणूस दप्तरखान्यात शिरला की आधी वर पाहतो, मग भिंतीच्या पायथ्याशी, आणि शेवटी कागदाकडे. पारव्यांच्या काटक्या आणि पिंपळाची पाने पन्हळीत अडकली की छपरावर पाणी तुंबते. ते दर्जांतून भिंतीत उतरते. बाहेरून काही दिसत नाही, पण कपाटाची पाठ भिंतीला टेकलेली असते आणि मागच्या रांगेतले बस्ते दमट होऊ लागतात. त्यावर बुरशी धरते. ओलीच्या मागोमाग जमिनीतून वाळवी चढते, आणि ती एका वहीवर थांबत नाही, विहीर खणावी तशी वरपासून खालपर्यंत आरपार जाते. पुढे कुणी तरी पंचनामा करतो आणि लिहितो, ‘अभिलेख वाळवीने नष्ट’. खरे कारण असते पाच वर्षांपूर्वी न काढलेली मूठभर पाने.

मराठवाड्याला हे शहाणपण नवे नाही. इथले जुने वाडे आणि गढ्या माळवदाच्या. लाकडी कड्या, त्यावर पाट, त्यावर पांढऱ्या मातीचा थर. वतनी पाटील-पटवाऱ्यांचे दप्तर पिढ्यान्‌पिढ्या अशाच वाड्यांत राहिले. माळवद टिकते ते दर वर्षीच्या कामावर. मृगाच्या आधी वरचे गवत उपटायचे, भेगा पडलेली माती खरवडून काढायची, नवी माती टाकून ती धुम्मस करायची आणि उतार पन्हळीकडे राहील हे पाहायचे. जुनी न काढता वर नवी टाकत गेले तर ओझ्याने कड्या वाकतात, हेही जुन्या माणसांना ठाऊक. यात कुठेही ‘जीर्णोद्धार’ नाही, शिलालेख नाही, उद्घाटन नाही. १८७७ साली लंडनमध्ये विल्यम मॉरिस आणि त्यांच्या मित्रांनी जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली, तेव्हा त्यांचे म्हणणे हेच होते की मोठ्या दुरुस्तीची वेळ येऊ न देणारी रोजची काळजी ही खरी. तेच तत्त्व आपल्याकडे खोरे आणि टोपले घेऊन दर वैशाखात गच्चीवर चढत होते. सिमेंट आणि लोखंडी पत्रे आले तसे आपण एक समज करून घेतला की बांधकाम एकदा केले की संपले. माळवद असा समज होऊ देत नव्हते.

आता बस्ता उघडू. गाठ कापायची नाही, सोडवायची; कापड जीर्ण असले तरी त्यावरची चिठ्ठी आणि अंक हीच पुष्कळदा एकमेव ओळख असते. वरचे दहा आणि खालचे दहा कागद तांबूस, कडांना झडलेले. मधले बहुधा बरे. हातकागदाचे जुने मोडी पत्र असेल तर ते दोनशे वर्षांनंतरही घडीत मोडत नाही. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात चिंध्यांच्या लगद्यापासून कागद करण्याची परंपरा होती. त्या जातीचा कागद लांब धाग्यांचा, चिवट. त्यावर कधी कधी शाई टिपायला टाकलेल्या वाळूचे कण अजून चमकतात. काजळाची शाई काळीभोर राहते, फक्त पाणी लागू द्यायचे नाही; हिराकसाची शाई मात्र अक्षराच्या वळणावळणाने कागद खाते आणि शेवटी अक्षराच्या जागी अक्षराच्या आकाराचे भोक उरते. यानंतर विसाव्या शतकातले, गिरणीच्या लाकडी लगद्याच्या कागदाचे रजिस्टर काढावे. त्यात आम्ल असते, ते आतून कागद कुरतडत राहते. पान उलटताना कोपरा हातात येतो. म्हणजे जुने ते आधी जाणार हा अंदाज चुकीचा. सगळ्यात आधी जाणार ते १९३० ते १९६० च्या दरम्यानचे दप्तर, आणि जमीन, जात, जन्मतारीख यांच्या वादात आज लोकांना हवे असते ते बव्हंशी हेच. प्राचीन म्हणून त्याला मान नाही आणि नवे म्हणून त्याला ताकद नाही.

या कामात निष्काळजीपणाइतकेच नुकसान उत्साह करतो. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावली की काही वर्षांत पट्टी निघून जाते आणि तिचा डिंक पिवळा डाग होऊन कागदातच मुरतो. प्लॅस्टिकचे लॅमिनेशन केले की पान दिसायला चकचकीत होते, पण आतले आम्ल आतच कोंडते आणि पुन्हा सोडवायची वाट बंद होते. म्हणून कुशल हात पातळ, मजबूत कागद आणि पिठाची खळ वापरतात. उद्या पाण्याने काढता येईल तेच आज लावायचे, हा त्यांचा नियम. भिंतींचेही तसेच. चुन्यात बांधलेली दगडी भिंत ओल घेते आणि सोडते. तिच्यावर ‘मजबुतीसाठी’ सिमेंटचा गिलावा चढवला की ओल बाहेर पडायची वाट बंद होते, ती आतल्या बाजूने फुटते, भिंतीला लोणा लागतो आणि कपाटामागची जागा आधीपेक्षा दमट होते. पैसे खर्च झालेले असतात, फोटो छापलेला असतो आणि दप्तराचे आयुष्य कमी झालेले असते. त्यापेक्षा कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढणे आणि जमिनीपासून वीतभर वर उचलणे याला खर्च जवळजवळ नाही, आणि गुण कितीतरी अधिक.

आता आक्षेप. पहिला आणि आजकालचा लाडका: सगळे स्कॅन करून टाका, मग मूळ कागदाचे लोढणे कशाला? स्कॅनिंगचा फायदा खरा आहे. शोध घरबसल्या होतो, मूळ वही वारंवार हाताळावी लागत नाही, आणि हे काम अनेक तहसिलांत झाले आहे, होत आहे. पण स्कॅन ही कागदाची साक्ष आहे, कागद नव्हे. पाठीमागची नोंद घ्यायची राहिली, शिवणीतला मजकूर सावलीत गेला, वहीचे चुकीचे नाव फाइलला पडले, तर चूक कळणार कशावरून? मूळ वहीवरूनच. कुणबी नोंदींच्या शोधात खाडाखोडीच्या आणि मागाहून घुसडलेल्या अक्षरांच्या शंकाही निघाल्या. शाई एकच आहे की दोन, अक्षर पानाच्या ओळीत बसते की कोंबलेले आहे, कागद त्याच काळचा आहे का, याचे उत्तर पडदा देत नाही. वाद नसतो तेव्हा प्रत पुरते. वाद झाला की मूळ लागते. आणि दप्तर कामाला येते ते वादाच्याच वेळी.

दुसरा आक्षेप इमारतीवर. जुनी दगडी कचेरी पाडा, नव्या वातानुकूलित इमारतीत दप्तर हलवा. काही ठिकाणी हे बरोबरही आहे. जिथे पाया खचला आहे, तिथे इमारतीच्या प्रेमापायी कागद मारण्यात अर्थ नाही. दप्तर हलवावे आणि इमारतीला तिला झेपेल असे दुसरे काम द्यावे. पण ‘नवे म्हणजे सुरक्षित’ हे गृहीत धरू नये. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला लागलेल्या आगीत माणसे गेली आणि फायलींचे ढीग जळाले. जर्मनीतल्या कोलोन शहराचे अभिलेखागार ३ मार्च २००९ रोजी भुयारी रेल्वेच्या कामामुळे काही क्षणांत कोसळले. ती इमारत मध्ययुगीन नव्हती, विसाव्या शतकातली होती. मध्ययुगातले होते ते आतले कागद, आणि ढिगाऱ्यातून काढलेले त्यांचे तुकडे जुळवण्याचे काम कित्येक वर्षे चालले आहे. उलट पुण्यात पेशवे दप्तर आहे ती दगडी इमारत एकोणिसाव्या शतकात दप्तर ठेवण्यासाठीच बांधली गेली आणि ती आजही तेच काम करते. दोन हात जाडीची भिंत जालन्याच्या मे महिन्यातही आतले तापमान फारसे हलू देत नाही. स्लॅबची खोली दुपारी भट्टी होते आणि वीज गेली की वातानुकूलन म्हणजे बंद दाराची पेटी. निवड करायची ती ‘जुने की नवे’ अशी नाही. पाणी कुठून येईल, आग कुठून लागेल, वारा कुठून फिरेल, ही तीन उत्तरे ज्या इमारतीत नीट मिळतात ती चांगली.

तिसरा आक्षेप मनाला लागणारा आहे. ज्या तालुक्यात पाऊस लहरी, ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकर धावतात, तिथे कागदांवर पैसा का? हा प्रश्न उडवून लावता येत नाही. पण मागणी काय आहे ते पाहावे. इथे कुणी संग्रहालयाचा घुमट मागत नाही. पावसाळ्याआधी पन्हळी साफ करणारा माणूस, चार लोखंडी मांडण्या, धुतलेले सुती रुमाल, वाळूच्या बादल्या, किल्ली कुणाकडे आहे याची नोंद, आणि वर्षातून एकदा, ऑक्टोबरच्या कोरड्या हवेत, प्रत्येक बस्ता उघडून पाहणे, एवढ्यावर मोठा पल्ला गाठता येतो. महाग पडते ती न केलेल्या कामाची भरपाई. शिवाय दुष्काळी भागातल्या माणसाचे विहिरीचे, वाटेचे, बांधाचे, कुळाचे हक्क कशावर उभे असतात? ज्याच्याकडे वकील आहे, ओळख आहे, त्याचे कागद त्याच्या घरीही असतात. ज्याच्याकडे काहीच नाही त्याचा आधार सरकारी दप्तरातले ते एक पान. दप्तर गेले तर आधी गरीब माणूस बुडतो.

चौथा आक्षेप क्वचित मोठ्याने बोलला जातो. या जुन्या नोंदी माणसाला पुन्हा जातीला बांधतात. त्या नष्ट झाल्या तर बरेच नाही का? यामागची तळमळ समजते. पण कागद गेला म्हणजे जात जाते असा अनुभव नाही. पुरावा जातो आणि मग ज्याचा आवाज मोठा त्याचे खरे ठरते. नोंद म्हणजे निवाडा नव्हे. दावा करणाऱ्याला ती जितकी लागते तितकीच दावा खोडून काढू पाहणाऱ्यालाही लागते. राखण करणाऱ्याने बाजू घ्यायची नसते. दोन्ही बाजूंना तोच कागद, त्याच स्थितीत दाखवता येईल असे ठेवायचे असते. कोणती नोंद कुणाच्या फायद्याची हे पाहून जो जपतो, तो एखादे दिवशी ते पाहून गहाळही करील.

म्हणजे काहीच फेकायचे नाही का? तसेही नाही. कचेरीच्या भाषेत जुन्या फायली निवडून बाद करण्याला ‘निंदणीकरण’ म्हणतात. शब्द शेतातला आहे आणि नेमका आहे. अ वर्गाचा अभिलेख कायमचा, ब वर्गाचा तीस वर्षांचा, ड वर्गाचा वर्षभराचा, असे कोष्टक ठरलेले आहे. सार्वजनिक अभिलेखांसाठी महाराष्ट्राचा २००५ चा कायदाही आहे. निंदणी झालीच पाहिजे, नाही तर तण पिकाला खाऊन टाकते. रजेच्या अर्जांच्या ढिगाखाली खासरा पत्रक दबून जाते. पण निंदायला पीक ओळखणारी बाई लागते. मोडी न येणाऱ्याच्या हातात मोडीचा बस्ता आणि शिकस्ता उर्दू न वाचता येणाऱ्याच्या हातात निजामकालीन वही दिली, तर त्याच्या दृष्टीने दोन्ही सारखेच गबाळ. २०२३ मध्ये मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची जी शोधाशोध झाली, तिचे कारण हेच. वाचणारे आधी संपले, कागद नंतर संपत होते. म्हणून छप्पर, रुमाल आणि वाचक हे एकाच अंदाजपत्रकातले तीन खर्च आहेत. एक काढला तर बाकीचे दोन वाया.

पेशवाई १८१८ ला बुडाली; तिच्या दप्तरातून गो. स. सरदेसाईंनी ४५ खंड निवडून छापले ते १९३० पासून पुढे. मधली शंभरावर वर्षे ते रुमाल बहुतेकांच्या लेखी अडगळ होते. कोतवाल बुकांनाही असाच काळ गेला आणि मग एका गावाच्या नावाने त्यांची दारे उघडली. आज त्याच खोल्यांत अशा वह्या आहेत ज्यांच्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही: विहिरींच्या, पिकांच्या, आजारपणाच्या, गुरांच्या. उद्या त्यांतले काय मागायला कोण येईल, हे आज कुणालाही सांगता येणार नाही, आणि सांगता यायची गरजही नाही. मृगाला अजून अवकाश आहे तोवर कुणीतरी शिडी लावून वर चढले पाहिजे आणि पन्हळीतली पाने काढली पाहिजेत.